तटावरचं गवत, तळ्यातले पाणकावळे

गेल्या अंकात ओघात लिहून गेले होते, की रोज सकाळी मी नार्डनच्या तटावरून चालते. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न आहे : हे नार्डन आहे तरी कुठे? अ‍ॅमस्टरडॅमच्या पूर्वेला, साधारण वीस किलोमीटरवर. शेजारच्या बुसममध्ये मी 1994 पासून राहते. या महिन्याची सगळी जागा नार्डनलाच देते आहे. बाकीच्यांनी महिनाभर धीर धरावा, ही विनंती.

"ताई, मे महिन्याच्या मध्यावर सासूबाई-सासरे येताहेत. सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक. अ‍ॅमस्टरडॅमची गर्दी त्यांना सोसत नाही, आणि तोवर ट्युलिपचा बहरही ओसरलेला असेल. फार दमणूक न होता एका दिवसात काय दाखवू?" — एक वाचक, आम्सटलवेन

नार्डन दाखवा, आणि त्याच दिवशी नार्डरमेर हे तळंही दाखवा. एक पाहून दुसरं सोडू नका. का, ते पुढे येईलच.

गाडीने नार्डन-बुसम स्टेशनवर उतरायचं. तिथून जुनं गाव दोन किलोमीटर आहे. सासऱ्यांचे पाय चालत असतील तर चालत जा, नाहीतर बस आहे. गाव तटाच्या आत आहे, तटाला सहा बुरूज आहेत आणि भोवती खंदक. खंदक एक नाही, दोन. वरून काढलेल्या फोटोत ते चांदणीसारखं दिसतं. तो फोटो बघून आलेली माणसं खाली उतरल्यावर हिरमुसतात आणि मला विचारतात, "चांदणी कुठे?" चांदणी डोळ्यांना दिसत नाही, पायांना कळते. तटावरच्या पायवाटेने निघा आणि चर्चच्या मनोऱ्यावर नजर ठेवा. मनोरा डावीकडे असतो, तुम्ही बुरजाच्या टोकाला वळसा घालता आणि तो एकदम पाठीमागे जातो. थोडं पुढे गेलात की पुन्हा समोर येतो. असे दोन बुरूज झाले की आकार आपोआप अंगात उतरतो. सासऱ्यांना आधी काही सांगू नका, त्यांचं त्यांना उमजू द्या.

मग आत या. नगरपालिकेची जुनी इमारत 1601 ची आहे, ती बाहेरून बघितली तरी पुरे. ग्रोटे केर्क या मोठ्या चर्चमध्ये मात्र अर्धा तास तरी काढा. त्याचं छत लाकडी आहे, उलट्या नावेसारखं, आणि त्यावर 1510 ते 1518 या काळात काढलेली चित्रं आहेत. एका बाजूला बायबलच्या जुन्या करारातले प्रसंग, समोरच्या बाजूला नव्या करारातले. मान दुखेपर्यंत बघावीत अशी. ईस्टरच्या आधी याच चर्चमध्ये बाखचं 'मॅथ्यू पॅशन' सादर होतं. 1922 पासूनची ही परंपरा. तुमची मंडळी मेमध्ये येणार, म्हणजे ते हुकणार, पण पुढच्या वर्षी तुम्ही दोघं जाच.

इतिहासाच्या शिक्षकाला इथे आणताय, तर 1 डिसेंबर 1572 ही तारीख माहीत असू द्या. स्पेनच्या राजाविरुद्ध डच गावं उठली होती. स्पेनचा सेनानी ड्यूक ऑफ आल्बा, त्याचा मुलगा डॉन फाद्रिक सैन्य घेऊन नार्डनला आला. गावाने शरणागती पत्करली, जिवाला धोका नाही असं वचन मिळालं, दरवाजे उघडले गेले. मग पुरुषांना एका इमारतीत जमवलं आणि कापून काढलं. त्यानंतर घरोघरी शिरून उरलेल्यांना मारलं आणि गाव पेटवलं. चर्च तेवढं वाचलं. छताची चित्रं बघताना हे आठवतं : ज्यांनी ती चितारून घेतली त्यांच्या नातवंडांपैकी जवळजवळ कुणीच उरलं नाही. 'स्पान्से हाउस' नावाच्या घराच्या दर्शनी भिंतीवर त्या कत्तलीचं दगडात कोरलेलं दृश्य आहे. त्यासमोर मी अजूनही थांबते. तीस वर्षांत त्याची सवय झाली नाही, आणि व्हावी असं वाटतही नाही.

"मी निवृत्त स्थापत्य अभियंता. मुलीकडे आलो असताना नार्डन पाहिले. स्पष्ट लिहितो, निराशा झाली. किल्ला म्हणजे उंच जागा, काळा पाषाण, चढताना लागणारा दम. इथे तर गवताचे बांध आणि डबकी. याला किल्ला का म्हणावे?" — एक वाचक, सध्या आइंडहोवेन

स्पष्ट लिहिलंत, बरं वाटलं. डोंगरी किल्ल्यांवर वाढलेल्या माणसाला असंच वाटणार. मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं.

पण तुम्ही अभियंता आहात, म्हणून तोफेपासून सुरुवात करू. उंच दगडी भिंतीवर जड गोळा बसला की दगड फुटतो, ढासळतो आणि त्याच ढिगाऱ्यावरून शत्रू आत चढतो. मातीच्या जाड, बुटक्या बांधात गोळा रुततो आणि तिथेच राहतो. म्हणून इथला तट खालून विटांचा आणि वर मातीचा आहे. गवत शोभेसाठी लावलेलं नाही, त्याची मुळं माती धरून ठेवतात. बुरूज टोकदार का? गोल बुरजाच्या पायथ्याशी एक कोपरा असा राहतो की तिथे पोचलेल्या माणसावर वरून मारा करता येत नाही. टोकदार बुरजाची प्रत्येक बाजू शेजारच्या बुरजाला दिसते. थोडक्यात, प्रत्येक बुरूज स्वतःला नव्हे, शेजाऱ्याला राखतो. आणि मुख्य तटाच्या बाहेर, पाण्यापलीकडे, दुसरा ठेंगणा तट. आपल्याकडे याला चिलखत म्हणतात, तेव्हा कल्पना तुम्हाला परकी नाही.

आता ती 'डबकी'. या मुलखातलं खरं शस्त्र पाणीच होतं. शत्रू आला की पाट-दरवाजे उघडायचे आणि मैलोगणती सखल शेतं गुडघाभर पाण्याखाली घालायची. जास्त पाणी चालत नाही, जास्त झालं तर नावा चालतील. कमी झालं तर घोडे चालतील. गुडघाभर पाण्यात नाव अडते आणि माणसाला खालचा चर दिसत नाही. 1672 मध्ये फ्रेंचांनी नार्डन घेतलं, पण पुढचं पाणी ओलांडून अ‍ॅमस्टरडॅम काही त्यांना गाठता आलं नाही. पुढच्या वर्षी डचांचा सेनापती तिसरा विल्यम याने नार्डन परत मिळवलं आणि 1675 ते 1685 या दहा वर्षांत किल्ला नव्याने बांधून काढला. तुम्ही पाहिलात तो मुख्यतः तोच.

मग किल्ला हवाच कशाला, पाणी पुरेसं होतं की? नेमकं इथेच नार्डनचं मर्म आहे. गावाच्या पश्चिमेला पीटची जमीन आहे, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची काळी, ओली, स्पंजासारखी माती. ती सखल आहे, सहज बुडवता येते. पूर्वेला खोय नावाचा प्रदेश. हिमयुगात बर्फाच्या लोंढ्याने रेती ढकलून तिथे उंचवटे उभे केले. रेताड उंचवटा पाण्याखाली घालता येत नाही. म्हणजे पाण्याच्या भिंतीला इथे एक कोरडं दार राहत होतं, आणि त्या दाराला लावलेलं कुलूप म्हणजे नार्डन. ही आखणी करणाऱ्यांना जमिनीचा उतार वितावितीने ठाऊक होता. डोंगर निवडून त्यावर किल्ला बांधणं ही एक विद्या. डोंगरच नसलेल्या मुलखात रेती कुठे संपते आणि चिखल कुठे सुरू होतो हे हेरून तिथे किल्ला बांधणं ही दुसरी. तिला कमी लेखायला माझं मन तयार होत नाही.

एक गोष्ट कदाचित तुमच्या नजरेतून सुटली असेल. किल्ल्याच्या भोवती घरांची गर्दी नाही. तोफांना समोरची जमीन मोकळी लागते, म्हणून 1853 च्या कायद्याने किल्ल्यांभोवती 300, 600 आणि 1000 मीटरची तीन कडी आखली. आतल्या कड्यात घर बांधायचं तर लाकडाचंच, म्हणजे वेळ आली की पेटवून देता यावं. अशी काळपट फळ्यांची घरं आजही दिसतात. माझ्या रोजच्या वाटेवर एक आहे, त्याच्या खिडकीत लाल जिरेनियमच्या कुंड्या असतात. ज्या घराचं जळणं कायद्यातच लिहिलं होतं ते शाबूत आहे आणि कुणी रोज त्याच्या कुंड्यांना पाणी घालतं, हे बघून मला फार आनंद होतो. 1926 मध्ये नार्डनचा लष्करी दर्जा गेला, बांधकामाचा तो कायदा 1963 मध्ये रद्द झाला. पण तोवर मोकळ्या जागेचं मोल लोकांना कळलेलं होतं. शेतं बुडवून देश राखणाऱ्या या सगळ्या जलसंरक्षक रेषांना मिळून 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

पुन्हा आलात तर तुर्फपोर्ट बुरजातल्या किल्ल्यांच्या संग्रहालयात जा. उन्हाळ्यात काही दिवशी हौशी मंडळी जुन्या गणवेशात तोफ डागून दाखवतात.

"माझं वय दहा. आमच्या शाळेची सहल नार्डनला गेली होती. तिथे कोमेनियसची समाधी आहे. बाई म्हणाल्या तो फार मोठा शिक्षक होता. पण तो डच नव्हता. मग तो तिथे का? आणि तो रागवायचा का?" — आल्मेरे (आईने मराठीत लिहून दिलं)

बाळा, शेवटचा प्रश्न फार छान विचारलास. रागवायचा की नाही हे तेव्हाची मुलंच सांगू शकली असती. पण मुलांना मारून शिकवू नये, शाळा आनंदाची जागा असावी, मुलींनाही शिकवावं आणि गरिबांनाही, हे त्याने साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

त्याचं खरं नाव यान आमोस कोमेन्स्की. जन्म 1592, मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक देशात. त्याच्या पंथाच्या लोकांना तिथून हाकलून दिलं, आणि त्याला जन्मभर या देशातून त्या देशात फिरावं लागलं. पोलंडमध्ये तो राहत होता ते गाव 1656 मध्ये जळालं. त्यात त्याची पुस्तकं आणि कित्येक वर्षं लिहिलेले कागद गेले. तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमने त्याला आसरा दिला. तो 1670 मध्ये वारला आणि त्याला नार्डनच्या एका छोट्या चर्चमध्ये पुरलं. पुढे गंमत अशी झाली की लोक ती जागाच विसरले! त्या चर्चमध्ये सैनिक राहायला लागले. 1929 मध्ये शोधाशोध झाली, कबर सापडली, आणि 1937 मध्ये चेक कलाकारांनी सजवलेली समाधी उघडली. चेक देशात त्याच्या वाढदिवशी, 28 मार्चला, शिक्षकदिन असतो. तिथल्या 200 च्या नोटेवर त्याचाच चेहरा आहे.

त्याने 1658 मध्ये मुलांसाठी चित्रांचं पुस्तक काढलं. चित्र, खाली शब्द, म्हणजे जग बघत बघत भाषा शिकायची. त्यातली अक्षरमाळा कावळ्यापासून सुरू होते, कारण कावळा 'आ आ' असा ओरडतो. उद्या खिडकीत कावळा आला तर नीट ऐक आणि त्याचं म्हणणं बरोबर आहे का ते मला कळव.

आणि तुला एक गोष्ट सांगू? तू आल्मेरेत राहतोस ना? कोमेनियस अ‍ॅमस्टरडॅमला राहायचा तेव्हा तुझ्या घराच्या जागी समुद्र होता. झाउडरझे त्याचं नाव. 1932 मध्ये मोठा बांध घालून तो अडवला, पाणी हळूहळू गोडं झालं, आणि तुझ्या गावाखालची जमीन 1968 मध्ये कोरडी झाली. तुझ्या आजी-आजोबांपेक्षाही तुझी जमीन लहान असेल, विचारून बघ.

"आईला चाकाच्या खुर्चीतून न्यायचं आहे. जमेल का?" — एक वाचक, हिल्व्हरसम

गावातले रस्ते सपाट आहेत, विटांच्या फरसबंदीवर थोडे हादरे बसतील इतकंच. तटाचा चढ मात्र उभा आणि गवताळ आहे, तिथे नेऊ नका. खंदकाच्या काठाने जा. माझ्या आईलाही शेवटच्या वेळी मी काठानेच नेलं होतं. समोर खांबावर पंख पसरून वाळवत बसलेला पक्षी बघून ती म्हणाली, "अगं, हा तर पाणकावळा! हा इथे काय करतोय?" पुढचा अर्धा तास ती तिथून हललीच नाही. तुमच्या आईंनाही घाई करू नका.

"मी बरीच वर्षं पक्षी बघते. नार्डरमेरला चमचा पक्षी दिसेल का? आणि एक शंका आहे. या देशात जमीन माणसाने केलेली, पाणी पंपाने हलवलेलं, झाडं ओळीने लावलेली. मग इथे 'निसर्ग' कशाला म्हणायचं?" — एक वाचक, द हेग

शंका आधी घेते, कारण ती मलाही बरीच वर्षं टोचत होती, आणि उत्तर नार्डरमेरनेच दिलं.

हे तळं कुणी खणलेलं नाही. उलट ते आटवायला माणसाने दोनदा कंबर कसली. सतराव्या शतकात पाणी उपसून शेतं केली, पण 1629 मध्ये स्पॅनिश बाजूचं सैन्य जवळ येताच ती शेतं मुद्दाम बुडवली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा उपसा केला. खालून इतकं पाणी झिरपत राहिलं की उपसणारे थकले. हे पाणी येतं कुठून, तर वर सांगितलेल्या खोयच्या रेताड उंचवट्यांवरून. पाऊस तिथे पडतो, रेतीतून गाळला जातो, जमिनीखालून उतरतो आणि पीटच्या सखल भागात वर येतो. ज्या उताराने किल्ल्याची जागा ठरवली, त्यानेच तळं जिवंत ठेवलं. म्हणून म्हणते, दोन्ही एकाच दिवशी बघा.

पण पाण्याच्या हट्टावर भागलं नसतं. 1904 मध्ये अ‍ॅमस्टरडॅम नगरपालिकेपुढे प्रस्ताव आला, की शहराचा कचरा नेऊन नार्डरमेर बुजवून टाकावं. तेव्हाच्या हिशेबी डोळ्यांना ती पडीक ओली जागा होती. याकोबुस पी. टैसे आणि एली हाइमान्स हे दोघे अ‍ॅमस्टरडॅमचे शिक्षक. मुलांना घेऊन ओढ्याकाठी फिरणारे, फुलं-पाखरांवर सोप्या भाषेत लिहिणारे. ते आणि त्यांच्यासारखे बरेच जण कळवळून उठले. प्रस्ताव थोडक्या मतांनी पडला. पण एकदा पडलेला प्रस्ताव पुन्हा उभा राहू शकतो, हे टैसे जाणून होते. 1905 मध्ये निसर्गस्थळं विकत घेऊन राखणारी 'नाट्यूरमोन्युमेन्टन' ही संस्था स्थापन झाली, आणि 1906 मध्ये तिने हे तळं सुमारे दीड लाख गिल्डरना (तेव्हाचं डच चलन) घेतलं. गाठीशी पैसा नव्हता, कर्जरोखे काढून उभा केला. देशातली ही पहिली राखीव निसर्गभूमी. ज्या काळात दलदल म्हणजे रोगराई असं मानलं जाई, त्या काळात लोकांनी दलदलीसाठी कर्ज काढलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

विकत घेतलं म्हणजे वाचलं असंही नाही झालं. गेल्या शतकात खोयमध्ये पिण्यासाठी भूजल उपसलं जाऊ लागलं आणि तळ्याकडे येणारा झिरपा रोडावला. उन्हाळ्यात पातळी टिकवायला बाहेरचं पाणी आत घ्यावं लागलं. ते फॉस्फेटने भरलेलं. पाणी गढूळ हिरवं झालं, तळाच्या वनस्पती गेल्या. मग आत येणाऱ्या पाण्यातलं फॉस्फेट आधी काढून घ्यायचं, अशी व्यवस्था केली. हळूहळू तळ पुन्हा दिसू लागला आणि स्वच्छ पाण्यातच जगणाऱ्या नाजूक पाणवनस्पती परतल्या. आता तुमचा प्रश्न : पंपाशेजारी जगणारं तळं निसर्ग का नाही? माझं उत्तर आहे, नक्कीच आहे. त्याला माणसाची गरज पडते, कारण माणसाने त्याचं पाणी घेतलं. घेतलेल्याची ही परतफेड आहे.

चमच्याबद्दल मात्र तुम्हाला भाबडी आशा लावणार नाही. टैसेंच्या काळात इथली चमच्यांची वस्ती युरोपात दुर्मीळ होती, तळं वाचवण्यामागे तेही एक मोठं कारण. आज चमच्यांची मोठी वसाहत उत्तरेच्या वाडन बेटांवर आहे. इथे एखादा दिसला तर तुमचं नशीब. जांभळ्या बगळ्यासाठी मात्र जरूर या. एप्रिल ते ऑगस्ट हा त्याचा मुक्काम, मग तो आफ्रिकेला निघतो. बोरूच्या बनात तो इतका निश्चल उभा राहतो की दुर्बीण त्याच्यावरून दोनदा सरकते. पाणकावळ्यांची वस्ती तर लांबूनच ओळखाल. त्यांच्या विष्ठेने पांढरी पडलेली झाडं दिसतात आणि वारा फिरला की वासही येतो.

पूर्ण तळ्याभोवती चालायला सबंध दिवस लागतो. वाट ओली असते, बूट गुडघ्यापर्यंतचे घाला. मार्गदर्शकासोबत आवाज न करणाऱ्या विजेच्या नावेतूनही नेतात, त्याचं आरक्षण आधी करावं लागतं. माझं मत विचाराल तर नाव घ्या. बोरूच्या आत शिरल्यावर जो गारवा आणि सळसळ येते, ती काठावरून मिळत नाही.

आणि येताना रेल्वेनेच या. हा लोहमार्ग 1874 मध्ये थेट तळ्यातून नेला आहे. आज असं कुणी करू देणार नाही, पण आहे तो आहे. अ‍ॅमस्टरडॅमहून निघालात की वेस्प स्टेशन जाऊ द्या, दुर्बीण पिशवीतून काढा आणि खिडकीशी बसा. दोन्ही बाजूंना पाणी आणि बोरू लागतो, कुठली बाजू धरावी याची चिंता नको. गेल्या मंगळवारी माझ्या डब्यात सगळे मोबाइलमध्ये होते. एक पाणकावळा गाडीच्या बरोबरीने पाण्यालगत उडत होता, पाच-सहा खांबांपर्यंत, मग मागे पडला.